कचऱ्याच्या अंगाचा झरा

सरकारनं मला उभं आयुष्य काळजी करण्याचा पगार दिला. हुद्दा रसायनतज्ज्ञाचा, काम जालना जिल्ह्यातलं पिण्याचं पाणी तपासण्याचं. पण खरं काम काळजीचंच. स्वभावही त्याला साजेसा. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी आजही अर्ध्या जिन्यावरून परत फिरते. आमचे हे म्हणतात, "हिला पेल्यात पाणी दिसत नाही, नुसते रोग दिसतात." ते खोटं बोलत नाहीत. निवृत्त झाले तरी लग्नाच्या पंगतीत पहिला घोट घेण्याआधी मी पेला उजेडाकडे धरते आणि शेजारची बाई माझ्याकडे विचित्र नजरेनं बघते.

आमच्या धंद्यातली खरी अडचण पाण्याची नाही, माणसांची. पाणी तपासायला आणायचं तर ते जसं आहे तसं आणायचं, एवढं साधं सांगणं. पण आपली माणसं मुलगी दाखवायला नेतात तसं पाणी नटवून आणतात. पिंपळगाव रेणुकाईचे एक गृहस्थ देवघरातल्या तांब्याच्या कलशात पाणी घेऊन आले. "मॅडम, यात पाणी शुद्ध राहतं," म्हणाले. राहत असेल; पण मग मला विहीर सापडत नाही, कलश सापडतो. वडीगोद्रीजवळच्या एका ढाबेवाल्यानं तर बोअरचं पाणी उकळून, गाळून, वर तुळशीचं पान टाकून आणलं. मी चिडले. तो बिचारा म्हणाला, "तसंच कसं आणावं मॅडम? सरकारी हाफिसात चाल्लंय पानी!"

तेव्हा मी हसले होते. पुढे एका विहिरीवर हीच सवय आडवी आली, आणि तेव्हा हसू आलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण अशी गावं बरीच आहेत. तालुक्याच्या त्या गावाबाहेर दगडाची एक जुनी खदान होती. खडी काढून संपली आणि उरला मोठा खड्डा. खड्डा दिसला की आपल्याला तो भरावासा वाटतो. कितीतरी वर्षं सगळ्या गावाचा कचरा त्यात पडला. भरल्यावर वर मुरूम पसरला आणि सगळे म्हणाले, झालं, कचरा डेपो बंद. आता तिथं आठवडी बाजाराचं मैदान करायचं ठरलं होतं. रोलर येऊन उभा होता.

आता जमिनीचं थोडं सांगते. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. दगड सलग दिसतो, पण त्याला भेगा असतात आणि जमिनीतलं पाणी त्या भेगांतून चालतं. वरची माती आणि मुरूम गाळणीचं काम करतात. खदानीत ती गाळणीच काढून टाकलेली असते. तिथं कचरा भरला की प्रत्येक पावसाचं पाणी, चहाच्या चोथ्यावरून ओतावं तसं, कचऱ्यातून उतरतं आणि त्याचा काळा अर्क थेट भेगांत जातो. वरून कितीही मुरूम पसरा, खाली काय चाललंय ते दिसत नाही. मला झोप न येण्याचं कारण नेहमी हेच असायचं.

खदानीच्या खालच्या बाजूला बौद्ध वस्ती होती. मजूर, दोन-चार शिक्षक, थोडी शेती असलेले लोक. वस्तीची स्वतःची विहीर होती. तक्रार आली ती एका ओळीची: विहिरीच्या पाण्याचा चहा काळा पडतो. वरच्या साहेबांना ती गंमत वाटली. मला वाटली नाही. पाण्यात लोह वाढलं की चहा काळवंडतो, आणि कचऱ्याचा अर्क दगडामातीतून लोह सोडवत येतो. मी जीप मागवली.

जीपवर युनूसभाई होते. गाडीही तेच चालवत आणि माती काढायचं गिरमिटही तेच फिरवत. माझ्या उलट स्वभावाचा माणूस. "मॅडम, बिलकुल फिकीर नका करू," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते म्हणाले की मला जास्तच फिकीर वाटायची.

विहारासमोर कौसाबाई वाट बघत उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढऱ्या लुगड्यातल्या. वस्तीचं सगळं त्यांच्या शब्दावर चालतं, हे पहिल्या क्षणातच कळलं.

"जय भीम, मॅडम. बसा. आधी पाणी घ्या."

लखलखीत पेला समोर आला. याच विहिरीचं पाणी. मी तो हातात घेतला. पाण्यात काय असेल याची यादी मला पाठ होती. पण माझं आडनाव मी जीपमधून उतरायच्या आधीच वस्तीला माहीत झालेलं होतं. पेला परत ठेवला असता तर रसायनशास्त्राचं कारण कुणी ऐकलं नसतं, आणि का ऐकावं? या दारात पेला न घेण्याची कारणं देणारी माझ्यासारखी माणसं त्यांनी पिढ्यान् पिढ्या बघितली होती. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी पेला तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला नाकात वास भरला. ब्लिचिंग पावडर.

"मावशी, विहिरीत पावडर टाकली का?"

"टाकली ना!" कौसाबाई अभिमानानं म्हणाल्या. "तुमी येनार म्हून काल सगळी विहीर उपसली, आतून घासली, मंग पावडर टाकली. आमच्या पान्याला कोनी नाव ठिवावं असं काय बी ठिवलं न्हाई आमी."

मी पिशवीतून छोटी नळी काढून पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले. पाणी गर्द पिवळं झालं. म्हणजे पावडर भरपूर. पावडर जंतू मारते, ते चांगलंच; पण ती कचऱ्याच्या अर्काची खूणही खाऊन टाकते. आम्ही अशा जागी अमोनिया शोधतो. पावडर पडली की अमोनिया गायब. लोह तळाला बसतं. उलट पावडरीमुळे क्लोराइड किंचित वाढतं, आणि क्लोराइड हीच कचऱ्याची दुसरी खूण. चोर निघून गेला होता आणि संशय घरच्यांवर येईल अशी सोय झाली होती.

ती सोय लगेच वापरली गेली. नगरपंचायतीचे अभियंता आमच्याबरोबर होते. माणूस वाईट नव्हता, बाजाराच्या कामानं गांजलेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, क्लोराइड पावडरीचं निघेल. आणि थोडीफार घाण निघालीच तर ती यांच्याच संडासांची. वस्तीच्या पलीकडच्या अंगाला सगळे शोषखड्डे आहेत ना. तुम्ही रिपोर्ट देऊन टाका, माझा रोलर उभा आहे."

त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मला म्हणता येईना. शोषखड्डे होतेच. एकदा रोलर फिरला, वर फरशी पडली, की पुन्हा कुणी तिथं गिरमिट घालणार नव्हतं. आणि कागदावर कायमचं राहणार होतं की या लोकांनी आपली विहीर आपणच घाण केली.

निघताना कौसाबाई आपल्याच नादात हात चोळत म्हणाल्या, "पन घासून घासून हात मोडतेत मॅडम. त्या अंगाला लई लाल चढतं दगडाला. निघता निघत न्हाई."

"कुठल्या अंगाला?"

त्यांनी हात केला तो खदानीकडे.

मी विहिरीत वाकून बघितलं. जुनी, दगडी बांधणीची विहीर, भिंतीत रोवलेल्या दगडांच्या पायऱ्या. पाणी अजून वर चढलेलं नव्हतं. दोन झरे दिसत होते, एक खदानीच्या अंगाचा, एक वस्तीच्या अंगाचा. दोन्हीखालचे दगड घासून स्वच्छ, झऱ्यांच्या तोंडांतही पावडर मुरलेली, म्हणजे धारेची बाटली भरूनही उपयोग नव्हता. इतके स्वच्छ की मला रडू यायचं बाकी होतं. जी गोष्ट मी शोधायला आले होते ती प्रत्येक वेळी नारळाच्या शेंड्यांनी घासून टाकली जात होती.

पुढचं मला मागायचं होतं ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड मागणं होतं. "मावशी, आता काही दिवस विहीर घासू नका. पावडर टाकू नका. आहे तशी राहू द्या. तोवर पिण्यासाठी मी टँकर लावून घेते."

"आन् जयंती?"

चौदा एप्रिल तोंडावर आला होता. दर जयंतीला वस्तीत विहीर धुऊन, रहाटाला निळं रंगवून, फुलांच्या माळा घालायची रीत होती. गावोगावचे पाहुणे यायचे.

"जयंतीलाही."

कौसाबाईंचा चेहरा बदलला. "मॅडम, आमच्या सासवांला गावच्या आडावर चढू दिलं न्हाई. म्हनले, तुमी घान. मंग माझ्या सासऱ्यानं न् गल्लीतल्या मानसांनी घनानं दगड फोडून ही विहीर काढली. मी नवरी हून आले तवापासून हिला घासून राह्यले. आन् तुमी म्हंता घान राहू द्या? पाव्हन्यांला घान दाखवा?"

मला जे सुचलं ते बोलले. "मावशी, घरात चोर शिरतोय आणि तुम्ही रोज सकाळी त्याची पावलं पुसताय. मला ती पावलं बघू द्या."

त्यांनी रहाटावर हात ठेवला. "खराब निघालं तर?"

"विहीर बंद होईल."

"न्हाई निघालं तर?"

"बाजार बसेल. आणि चहा काळा का पडतो हे पुन्हा कुणी विचारणार नाही."

"म्हंजी दोन्हीकून आमचंच," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला. "बरं. न्हाई घासत."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. टँकर एक दिवस यायचा, एक दिवस नाही. न आलेल्या दिवशी पोरं विहिरीवर गेली असतील का, या विचारानं मी वस्तीतल्या शिक्षकांना फोन करून करून त्रास दिला. रोलर थांबवून ठेवण्यासाठी साहेबांच्या विनवण्या केल्या. आणि जर खदानीच्या अंगाचा झरा स्वच्छ निघाला तर? तर मी एका वस्तीला तिच्या सणाच्या दिवशी उगाच मान खाली घालायला लावली असं होणार होतं. युनूसभाई म्हणत होतेच, "फिकीर नका करू." मी दोघांच्या वाटची करत होते.

जयंती झाली आणि आम्ही गेलो. वस्तीत अजून निळ्या पताका होत्या. विहिरीवर एकही माळ नव्हती.

"पाव्हनी वाकून बघत व्हती," कौसाबाई म्हणाल्या. "एकीनं तोंडाला पदर लावला. म्हनली, या सालाला हात थकला वाटतं कौसाबाईचा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काई न्हाई." एवढंच बोलून त्यांनी मला विहिरीकडे नेलं.

खदानीच्या अंगाच्या झऱ्याखाली लाल-काळा पट्टा उतरला होता, शेवाळासारखा बुळबुळीत, वर तेलकट साय. वस्तीच्या अंगाचा दगड जवळपास कोरा.

मोटार लावून पाणी उपसलं. आता उतरून प्रत्येक झऱ्याच्या तोंडाशी वेगळी बाटली भरायची होती. जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघायची आपल्याकडे रीत आहे. विझला तर उतरायचं नाही. इथं मी ती बंद पाडली. कुजणाऱ्या कचऱ्यातून पेट घेणारा वायू येतो, आणि कंदील विझण्याऐवजी भडकला तर काय, हा विचार मला आधीच छळत होता. मी वायू मोजायचं यंत्र मागवून घेतलं होतं. ते दोरीनं खाली सोडलं. ते वाजलं नाही, म्हणजे धोका नव्हता. वर काढलं, पुन्हा सोडलं. युनूसभाईंनी हात जोडले, "मॅडम, मशीनला पण कंटाळा येतो."

मग कमरेला दोरी बांधून मी उतरले. युनूसभाईंनी पुष्कळ समजावलं, पण बाटली त्याच पाण्यानं विसळून, भिंतीला न लावता, नेमकी धारेखाली धरायची असते, आणि माझा माझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही. पायऱ्या निसरड्या होत्या. वर आकाशाचा गोल आणि त्यात कडेनं वाकलेली डोकी. खदानीच्या झऱ्याजवळ नाक नेलं आणि वास आला, कुजलेल्या अंड्याचा. त्या वासानं मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

त्याच दुपारी खदानीच्या काठाशी युनूसभाईंनी गिरमिट घातलं. आधी स्वच्छ मुरूम आला. मग प्लास्टिकच्या चिंध्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, फुटके सेल. त्याखाली काळी, ओशट माती, हाताला चिकटणारी. शेवटी भेगाळलेला दगड लागला आणि गिरमिट ओलं वर आलं. रोलरचा चालक लांबून बघत होता. त्यानं नाकाला रुमाल लावला.

प्रयोगशाळेत बाटल्या ओळीनं मांडल्या. अमोनिया ओळखणारं द्रावण टाकलं की पाणी पिवळं-तपकिरी होतं. जितका अमोनिया जास्त तितका रंग गडद. मी पिपेट उचललं. जन्मभर मी पाणी चांगलं निघावं म्हणून बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी पाण्यात विष निघावं म्हणून वाट बघत होते, आणि त्याच वेळी कौसाबाईंची विहीर डोळ्यांसमोर होती. वस्तीच्या अंगाच्या झऱ्याचं पाणी जेमतेम पिवळसर झालं. खदानीच्या अंगाचं तपकिरी झालं, आणि तपकिरीच राहिलं. लोह, क्लोराइड, सगळं त्याच झऱ्यात. मातीचे नमुने संभाजीनगरला गेले होते; त्यांचाही निकाल तोच आला. शोषखड्डे सुटले, खदान सापडली. मी खुर्चीवर बसून राहिले. आनंद करावा की नाही ते कळेना.

अभियंत्यांनी अहवाल दोनदा वाचला. "माझ्या आधीच्यांनी टाकलेला कचरा आहे हो हा," असं हळूच म्हणाले. पण रोलर त्यांनी परत पाठवला, आणि वस्तीसाठी नळाची मागणी स्वतः लावून धरली. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं.

राहिली होती खूण. खराब पाण्यावर लाल रंगानं लिहितात: पाणी पिण्यास अयोग्य. पेंटर डबा घेऊन आला आणि कौसाबाई विहिरीच्या काठाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हितं न्हाई."

"मावशी, लिहावंच लागतं," मी म्हणाले. "कुणी नवखा आला, प्यायला तर?"

"लिव्हा की. मी कुठं नगं म्हनले? पन आधी तिथं लिव्हा." त्यांनी खदानीकडे बोट केलं. "हितं एकलं लाल दिसलं की लोक म्हंतेन, बघा, ह्या लोकांची विहीरच घान. आधी जिथून घान आली तिथं रंग लावा. मंग मी सोता डबा धरते."

अभियंता म्हणाले, खदानीवर लिहायची पद्धत नाही. मी म्हणाले, लिहू नये अशीही पद्धत नाही. त्यांनी पेंटरकडे बघून होकारार्थी मान हलवली. खदानीच्या कुंपणाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: येथील कचऱ्यामुळे खालच्या वस्तीच्या विहिरीचे पाणी दूषित झाले आहे. सगळी वस्ती ते लिहून होईपर्यंत उन्हात उभी होती. मग सगळे खाली आले आणि कौसाबाईंनी खरंच डबा धरला. विहिरीवरचं शेवटचं अक्षर होताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि माझेही.

नळ आला. चहा आता काळा पडत नाही. पण विहीर गेली ती गेली. लोक विचारतात, कचरा उचलला की पाणी सुधारेल ना? थोडा उचलला आहे, बाकीचाही उचलतील. पण दगडाच्या भेगांत एकदा शिरलेलं निघायला किती काळ लागेल हे मी कुणाला सांगू शकत नाही. आपल्या हयातीत नाही, एवढं वाटतं. मला याची खंत आहे आणि ती जाणार नाही.

निवृत्तीनंतरही दर जयंतीच्या आधी मी एक बाटली घेऊन तिथं जाते. कुणी सांगितलेलं नाही. घरी बसून घोर लावून घेण्यापेक्षा बरं. युनूसभाई आपल्या मोटारसायकलवर सोडतात. यंदा गेले तर कौसाबाई विहिरीच्या पायरीवर बसून शेंड्यांनी दगड घासत होत्या. आता कमरेत वाकल्या आहेत. लाल अक्षरं तेवढी सोडून सगळा काठ धुऊन काढला होता, रहाटाला ताजा निळा रंग होता.

मी म्हणाले, "मावशी, आता कुणी पीत नाही हे पाणी. कशाला हात मोडून घेता?"

"आजारी मानसाला काय आंघूळ घालत न्हाईत का, मॅडम?" त्या वर न बघता म्हणाल्या. मग शेंड्या बाजूला ठेवून रहाट सोडला, बादली भरून वर ओढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या भरून तुमची बाटली. पावडर न्हाई टाकलेली."